चालकाने हातमोजे घालावेत

इमारतीत जपानी येणारे काका एकटेच होते, त्यामुळे त्यांचं जपानी उत्तम आहे याबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं. काकांचंही नव्हतं. ज्या परीक्षेला परीक्षकच नाही, त्या परीक्षेत माणूस पहिला येतो. आणि काका गेली कित्येक वर्षं पहिले येत होते.

हे जपानी त्यांनी नोकरीत कमावलं होतं. त्यांच्या कारखान्यात पत्रा साच्यात दाबून झाकणं आणि दरवाजे बनवणारी अवजड यंत्रं जपानहून आली, आणि यंत्रांबरोबर पेट्या भरून पुस्तिका आल्या. साहेबांनी सभा घेऊन विचारलं, "जपानी शिकायला कोण तयार आहे?" काका त्या दिवशी रजेवर होते. परत आले तेव्हा त्यांचं नाव लागलेलं होतं. पण माणूस चिकाटीचा. आधी नाइलाजाने, मग हट्टाने आणि शेवटी प्रेमाने ते शिकले. यंत्राच्या रचनेच्या पुस्तिका इंजिनिअर लोक आकृत्यांवरून समजून घेत. काकांच्या वाट्याला सुरक्षिततेचे नियम आले. ते मराठीत आणायचे, आणि इथे कुणाचं बोट चेंगरलं की त्याचा अहवाल जपानीत लिहून पाठवायचा. निवृत्त होईपर्यंत काकांनी हेच केलं. तिकडून कधी तक्रार आली नाही. अपघाताच्या अहवालात भाषेच्या चुका काढण्याइतकं निर्दय कोण असतं?

निवृत्तीनंतर ते इमारतीचे 'जपानीकाका' झाले. खेळण्याच्या खोक्यावर काय लिहिलंय, एसीच्या रिमोटवरचं तिसरं बटण कशाचं, सगळं त्यांच्याकडे यायचं. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या जावयाने दंडावर जपानी अक्षरं गोंदवून आणली, ती वाचायलाही काकांनाच बोलावणं आलं. अक्षर वळणदार होतं, दंड त्याहून वळणदार. काकांनी चष्मा वर-खाली केला आणि "शौर्य" म्हणाले. जावई खूश झाला. घरी येऊन काका शब्दकोश उघडून जे बसले ते जेवायलाही उठेनात, तेव्हा काकूंना काय ते कळलं. त्यांनी ताट झाकून ठेवलं. संसार असाच टिकतो.

हल्ली फोनही भाषांतर करतो म्हणा. पण फोनने रिमोटवरच्या एका बटणाचा अर्थ 'उदास वारा' असा सांगितला, आणि त्या दिवसापासून इमारतीचा फोनवरचा विश्वास कायमचा उडाला. काकांचं आसन पक्कं होतं.

ते हलवलं पुतणीने. ही मुलगी कॉम्प्युटरमध्ये होती. एका रविवारी आली आणि चहा संपायच्या आत म्हणाली, "काका, एक काम आहे. आम्ही एक प्रोग्राम वापरतो, जगभरातले लोक मिळून तो फुकट तयार करतात. त्याच्या माहितीचं एक इंग्रजी पान जपानीत करायचंय. मी तुमचं नाव सुचवलंय."

"कसला प्रोग्राम?"

"व्हर्जन कंट्रोल म्हणतात त्याला. म्हणजे असं बघा, काकूने सोफा खिडकीखाली सरकवला. तुम्ही तो परत भिंतीला लावला. तिने पुन्हा सरकवला. तर कोणी सरकवला, कधी आणि का, हे सगळं जो कायमचं लक्षात ठेवतो ना, तो हा प्रोग्राम."

"तो आपल्याकडे आहेच," काका म्हणाले. "आत पोळ्या करतोय."

"ऐकू येतंय मला," आतून आवाज आला.

पुतणीने हसू दाबलं. "बरं. आता हा सगळा इतिहास तुम्ही मागितलात, तर तो कसा दाखवायचा? एका ओळीत की सविस्तर? आधी नाव की आधी वेळ? लाल रंगात की हिरव्या? त्याचा साचा तुम्ही ठरवायचा. टक्क्याची खूण आणि पुढे एक अक्षर लिहिलं की नाव येतं, दुसरं अक्षर लिहिलं की किती दिवसांपूर्वी ते येतं. एवढंच सांगणारं पान आहे हे."

साचा म्हटल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. साच्यांत त्यांची उभी हयात गेली होती. पण तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या आणि सहज म्हणाल्या, "अहो, जमेल ना तुम्हाला? ते खरे जपानी लोक वाचणार आहेत."

'खरे' हा शब्द काकांना लागला. जणू इतकी वर्षं ज्यांना अहवाल पाठवले ते जपानी प्लॅस्टिकचे होते. आणि लागला याचं खरं कारण असं की, हीच शंका त्यांना स्वतःला गेली कित्येक वर्षं अधूनमधून आंघोळ करताना येत असे. आपलं जपानी खरंच चांगलं आहे, की नुसतं कुणी पाहिलेलं नाही?

"न जमायला काय झालं?" ते म्हणाले.

त्यांनी ही गोष्ट फक्त वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांना सांगितली, तीही विश्वासात घेऊन. मॅनेजरांना विश्वासात घेऊन सांगितलेली गोष्ट लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचते. संध्याकाळी फाटकाशी काकांचं अभिनंदन झालं आणि सल्ले सुरू झाले.

"काका, आधी लेखी अधिकार घ्या," मॅनेजर म्हणाले. "उद्या जपानमध्ये काही बिघडलं तर जबाबदार कोण?"

"फुकट काम आहे हो, त्यात काय बिघडायचंय?"

"फुकट कामातच बिघडतं. पैसे घेतले असते तर निदान परत देता आले असते."

डॉक्टरांचं मत वेगळं होतं. ते एकदा कुठल्याशा दंतपरिषदेत एका जपानी माणसाशेजारी जेवले होते, त्यामुळे जपानी स्वभावाचे ते तज्ज्ञ होते. "त्या लोकांना नम्रता फार लागते. प्रत्येक वाक्यात वाका. मूळ लेखात नसलं तरी वाका."

काकांनी दोन्ही सल्ले शांतपणे ऐकले आणि सोमवारी सकाळी माळ्यावरून जुना शब्दकोश आणि पुस्तिकांचा गठ्ठा काढून जेवणाच्या टेबलावर मांडला. त्यामुळे पुढचे काही आठवडे जेवण सोफ्यावर झालं. काम मात्र त्यांनी चोख केलं. टक्क्याच्या खुणांना आणि त्यांच्या पुढच्या अक्षरांना त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. यंत्रावरच्या खुणांना परवानगीशिवाय हात लावायचा नसतो हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. जिथे खूण संपे आणि वाक्य सुरू होई, तिथेच काका सुरू होत. एखादं वाक्य जमलं की ते मोठ्याने म्हणत, आणि मग काकूंकडे बघत.

"छान वाटतंय," काकू म्हणत. "रागावल्यासारखं वाटतंय, पण छान."

"जपानी तशीच भाषा आहे," काका म्हणत.

खरी अडचण पान पाठवताना आली. ते घ्यायला तिकडे माणूस नव्हता, एक यंत्र बसलेलं होतं. काकांच्या ईमेलच्या शेवटी नेहमी एक गुलाबाचं फूल आणि एक सुविचार आपोआप येत असे. ते एका भाच्याने लग्नाच्या वाढदिवसाला बसवून दिलं होतं. यंत्राने ईमेल परत पाठवलं: सजावट चालणार नाही. काकांनी तत्काळ सविनय दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरीसुद्धा परत आली, कारण तिच्याखालीही गुलाब होता.

"काका, ते यंत्र आहे," पुतणी फोनवर म्हणाली. "त्याची माफी नाही मागायची."

"यंत्र असलं म्हणून काय झालं? मी आयुष्यभर यंत्रांशी बोललोय. इतकं उर्मट एकही नव्हतं."

फूल काढायला कुणालाच येईना. मॅनेजर खाली उतरले, त्यांनी काहीतरी दाबलं आणि फुलाच्या जागी दोन फुलं आली. शेवटी पुतणीने दुसरा पत्ता उघडून दिला. मग यंत्राने ओळी फार लांब आहेत म्हणून पान परत केलं, आणि नंतर एका वेळी एकच बदल पाठवा म्हणून परत केलं. शेवटी 'हे काम माझं स्वतःचं आहे' अशी सहीची ओळ नाही म्हणून परत केलं. या शेवटच्या आक्षेपाने काका दुखावले. इतक्या मेहनतीचं काम दुसऱ्याचं असेल तरी कोणाचं? घरात दुसरं जपानी कुणाला येतं? "असं समजा, बँकेने सही विचारली," मॅनेजरांनी समजूत घातली. "बँकेला तुमच्याबद्दल आदर असतोच. सही तरी लागतेच." काकांनी सही केली. यंत्राने पान घेतलं आणि आभारही मानले नाहीत.

मग शांतता. काका रोज सकाळी ईमेल उघडत, वर्तमानपत्र आल्यासारखं. आणि एका सकाळी उत्तर आलं. प्रकल्पाच्या जपानी विभागाच्या तपासनीस बाईंना काकांशी पडद्यावर समोरासमोर बोलायचं होतं. भाषांतर वाचून त्यांना 'फार विचार करावा लागला' होता.

काकांनी हे वाक्य स्तुती म्हणून वाचलं. मॅनेजरांनीही तसंच वाचलं, आणि अशा प्रसंगी साक्षीदार हवेत असं ठरवून टाकलं. त्यामुळे ठरलेल्या सकाळी काकांच्या दिवाणखान्यात मॅनेजर, डॉक्टर, पुतणी आणि चहाचे कप असे सगळे हजर होते. पुतणीने लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. काकूंनी टीव्हीवर घातलेलं कापड काढून घडी करून ठेवलं. पाहुणी पडद्यावरची असली तरी पाहुणीच. काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. डॉक्टरांनी मांडीवर फोन ठेवला आणि त्यातलं भाषांतर सुरू केलं. "नुसती गंमत," ते म्हणाले.

पडद्यावर चष्मा लावलेली, तिशीतली एक बाई आली आणि वाकली. काका वाकले. ती आणखी वाकली. काका त्याहून वाकले. काही वेळ एका पडद्यावर तिच्या घराची भिंत होती आणि दुसऱ्यावर काकांच्या घराची.

"उठा आता," काकू हलकेच म्हणाल्या. "ती उठली."

मग काका बोलले. इमारतीने त्यांना जपानी बोलताना प्रथमच ऐकलं. आवाज खणखणीत होता, मान ताठ होती, प्रत्येक वाक्य शिट्टीसारखं सुटत होतं आणि शेवटी आपटून थांबत होतं. मॅनेजरांनी डॉक्टरांना कोपराने ढोसलं: बघा, याला म्हणतात भाषा. पडद्यावरची बाई जरा मागे सरकून बसली.

ती बोलू लागली, हळू, मृदू, हसतमुख. आणि डॉक्टरांच्या मांडीवरून फोन मराठीत म्हणाला:

"आपल्या परिश्रमाबद्दल आभार. एक शंका आहे. इतिहासाचा साचा निवडताना चालकाने हातमोजे का घालावेत?"

दिवाणखाना हसला. "आला उदास वारा!" मॅनेजर म्हणाले.

काका हसले नाहीत.

"आपण लिहिलं आहे," फोन पुढे म्हणाला, "की नाव हिरव्या रंगात दाखवण्यापूर्वी जवळ कोणी उभं नाही याची खात्री करावी. आणि एका ओळीतला साचा वापरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असावेत. हे वाचून आमचे एक सहकारी आता उभे राहून काम करतात."

डॉक्टरांना ठसका लागला. "अरे काय हा फोन! उभे राहून!" ते फोन बंद करायला लागले. "काका, हा काहीही बरळतोय. खरं सांगा, बाई काय म्हणाली?"

सगळे काकांकडे बघू लागले. कौतुकाने, विश्वासाने. काकूही बघत होत्या, पण त्यांच्या नजरेत प्रश्न नव्हता. त्यांना उत्तर माहीत होतं. हा माणूस आता काय करतो एवढंच बघायचं होतं.

काकांच्या लक्षात आलं की ते आत्ता काहीही सांगू शकतात. 'बाई म्हणते, अप्रतिम.' बस. पुतणीलाही जपानी येत नाही. फोनची साक्ष इमारतीच्या कुठल्याही कोर्टात टिकणार नाही. इतक्या वर्षांचं आसन दोन शब्दांत वाचत होतं. आणि त्याच वेळी, इतकी वर्षं आंघोळीत भेटणारी ती शंका आज प्रथमच कपडे घालून, चष्मा लावून समोर बसली होती. तिच्याकडे पाठ फिरवून आता जायचं कुठे? बाथरूममध्येच.

त्यांनी घसा साफ केला.

"फोन बरोबर सांगतोय," ते म्हणाले.

"म्हणजे?" मॅनेजर.

"म्हणजे मी तसंच लिहिलंय. मला जपानी येतं ते सुरक्षिततेच्या पुस्तिकांमधलं. त्यात साचा बदलायचा म्हटलं की पुढे हातमोजे येतातच. माझ्या हाताला ती सवय आहे. मला वाटलं, जपानी वाक्य असंच पुरं होतं."

चहाचे कप जागच्या जागी थांबले. पुतणीने मान खाली घातली; तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि ती सभ्य मुलगी असल्याने दोन्ही आवरत होती. मॅनेजर म्हणाले, "पण खणखणीत बोलता हो," आणि हे सांत्वन किती अपुरं आहे हे कळून त्यांनी बिस्किट घेतलं.

काका पडद्याकडे वळले. आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे माणूस जसा हलका होतो तसे ते हलके झाले होते. त्यांनी बाईला तो प्रश्न विचारला जो आजवर कुणालाच विचारता आला नव्हता. डॉक्टरांचा फोन अजून चालूच होता. त्याने प्रामाणिकपणे भाषांतर केलं: "चालक विचारतो, माझं जपानी कसं आहे? खरं सांगावे. विलंब झाल्यास दुखापत होऊ शकते."

या वेळी कुणी हसलं नाही.

बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. जपानी माणसाने पेन खाली ठेवलं की अर्थ वाईट असतो, असं डॉक्टर पुटपुटले, आणि काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईने चहाचा कप तोंडाला लावला. मग बाई बोलली, आणि फोनने ते तुटक तुटक सांगितलं. चूक एकही नाही. व्याकरण स्वच्छ आहे. असं जपानी तिने लहानपणी ऐकलं होतं. तिचे आजोबा कारखान्यात होते, आणि घरातही तसंच बोलायचे, मिठाची बरणी मागतानासुद्धा. हल्ली असं कुणी लिहीत नाही. "आपण निवृत्त झालात," फोन म्हणाला, "पण आपलं जपानी अजून कामावर आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

पण बाईचं संपलं नव्हतं. हे पान आपण दोघं मिळून मऊ करू, ती म्हणाली. हातमोजे काढू, पाय कुठेही ठेवू देऊ. पण तिची एक वेगळी अडचण होती. त्याच प्रोग्राममध्ये एक आज्ञा अशी आहे की ती चुकून दिली तर दुसऱ्यांनी केलेलं काम पुसलं जातं. तिच्यापुढे गोड भाषेत इशारा लिहिलेला आहे: कृपया काळजी घ्यावी, ही विनंती. तो कुणी वाचत नाही. दर महिन्याला कुणीतरी कुणाचं तरी काम पुसतं आणि मग सगळे एकमेकांपुढे वाकून माफी मागत बसतात. तरी, असं म्हणून ती पुन्हा वाकली, आणि फोन म्हणाला, "आमच्या लोकांना कृपया घाबरवावे."

काकांनी क्षणभर विचार केला. मग खुर्चीत सरळ होऊन त्यांनी एकच वाक्य म्हटलं. छोटं होतं. फोनने त्याचं भाषांतर करायच्या आतच बाईने आपले दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले, आणि मग स्वतःच्या लक्षात येऊन तोंडावर हात धरून इतकी हसली की चष्मा निसटला.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच."

पडद्यावरचं बोलणं संपल्यावर दिवाणखान्यापुढे पेच पडला. अभिनंदन करावं तर कशाचं, आणि सांत्वन करावं तर ती वेळ नुकतीच निघून गेलेली. मॅनेजरांनी बाजू सांभाळली. "म्हणजे थोडक्यात, धोक्याचं खातं तुमच्याकडे आलं."

"सगळं धोक्याचं खातं," काका म्हणाले. गुलाबाच्या दोन फुलांनंतर प्रथमच त्यांच्या आवाजात अधिकार होता.

दाराशी चपला घालताना डॉक्टर घुटमळले. "काका, एक बोलू का? माझ्याकडे लोक तोंड उघडं असताना फोन उचलतात हो. एक पाटी लावायचीय. तुमच्या त्या भाषेत, पण मराठीत. वाचून माणसाने खुर्चीला घट्ट धरून बसलं पाहिजे."

काकांनी प्रयत्न केला. खरोखर केला. ओठ हलले, भुवया जुळल्या, हात अर्धवट वर आला. पण मराठीत वाक्य निघालं ते असं: "रुग्णांनी शक्यतो फोन... म्हणजे, घेऊ नये असं आपलं... सुचवावंसं वाटतं."

"नाही जमत," ते शरमून म्हणाले. "मराठीत मला कधी कुणाला घाबरवायची वेळच आली नाही, डॉक्टर."

"यायची कशी?" काकू कप गोळा करत म्हणाल्या. "तो विभाग माझ्याकडे आहे. डॉक्टर, कागद आणा, मी सांगते ते लिहून घ्या. आणि आधी ती चप्पल पायपुसण्यावरून खाली काढा."

डॉक्टरांनी चप्पल काढली. मॅनेजरांनीही काढली, त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं तरी.